वरची ओळ

वृद्धनिवासाच्या पडद्यावर नव्या रहिवाशाचं नाव उमटलं तेव्हा तपासनिसांना आधी आठवलं ते पत्र. माणूस मागाहून आठवला.

पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं. बायको गेल्यावर काही महिन्यांनी तिच्या थोरल्या भावानं पाठवलेलं. त्यात ख्यालीखुशाली नव्हती, सांत्वन नव्हतं. ‘त्या दिवशी मी दारात उभा राहून जे बोललो, ते तिला कळलं का? एवढंच कळवा.’ खाली सही, हजेरीपटावर करावी तशी, कागद फाटेल इतकी दाबून केलेली. तपासनिसांनी ते वाचलं, होती त्याच घडीवर मिटलं आणि कपाटात ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची, भांडण दिसलं की ते तिथून निघून जायचे. त्यामुळे जन्मभरात त्यांच्या हातून झालेला सूड हा एवढाच. एका माणसाला त्यांनी एका प्रश्नापाशी उभं करून ठेवलं होतं. तो अजून तिथेच ताटकळत असेल, या कल्पनेवर त्यांच्या पुष्कळ संध्याकाळी बऱ्या गेल्या होत्या.

आणि आता तो खालच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत येऊन पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, मुलगा परदेशात.

“काका, डुलकी लागली का?” शेजारच्या टेबलावरून इंजिनियर मुलीनं विचारलं. “त्या नव्या आजोबांच्या बाबतीत कारभारी अडलाय. कारणं जुळत नाहीत म्हणतोय. बघता ना?”

“बघतो,” तपासनीस म्हणाले.

कारभारी म्हणजे कुणी माणूस नव्हे. वृद्धनिवासाचा सगळा कारभार पाहणारी, स्वतःचा स्वतः विचार करणारी ती एक यंत्रणा होती. नाव स्वयंपाकघरातल्या बायकांनी दिलेलं. ‘घरी एक कारभारी आहे तो काही करत नाही, हा तरी करू दे,’ असं म्हणून त्या हसत. कुणी नवा माणूस राहायला आला की कारभारी त्याच्यासाठी सगळ्यात वर एक ओळ मांडायचा: हा माणूस कसा आहे, त्याच्यासाठी काय करायचं आणि का. त्या ओळीवरून कारभाऱ्याचेच हाताखालचे मदतनीस दिनक्रम ठरवायचे, दिनक्रमावरून आणखी खालचे मदतनीस एकेका कामाच्या सूचना काढायचे, आणि शेवटी ती सूचना एखाद्या आयाच्या फोनवर चिठ्ठी होऊन उतरायची. मदतनीस म्हणजेही यंत्रच. थरावर थर, आणि प्रत्येक थर वरच्याचं ऐकून पुढे सांगणारा.

सुरुवातीला यात एक खोट निघाली होती. वरच्या ओळीत असायचं, ‘यांना रात्री शांत झोप मिळावी.’ त्याखाली व्हायचं, ‘रात्री उठणं कमी करावं.’ आणि तळाला आयाच्या हातात चिठ्ठी पडायची, ‘संध्याकाळनंतर पाणी देऊ नये.’ कुणी दुष्टपणा केलेला नसायचा. कारण एकेक पायरी उतरताना किंचित सरकायचं, आणि तळाशी एक म्हातारी तहानेनं तळमळत पडायची. ते सापडलं तेव्हा इंजिनियर मुलीनं संचालिकाबाईंना सांगितलं, मला इथे यंत्र कळणारा माणूस नको, वाचणारा माणूस द्या.

तपासनिसांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. शेवटच्या पानावरची ओळ वाचताना पहिलं पान डोक्यात धरून ठेवायचं, एवढीच त्यांची विद्या. तीही खरोखर आपल्याला येते का, अशी शंका त्यांना अधूनमधून यायची. पण इथे ती उपयोगी पडली. त्यांनी कारभाऱ्याला एक शिस्त लावली. कुठलीही चिठ्ठी खाली जाताना वरच्या ओळीतलं कारण सोबत घेऊन जाईल. आणि खाली एखाद्या मदतनिसाला दिसलं, की डोळ्यांसमोरची गोष्ट त्या कारणाशी बसत नाही, तर त्यानं काम रेटायचं नाही. चिठ्ठी वर परत पाठवायची. ती थर चढत चढत ज्यानं वरची ओळ मंजूर केली त्याच्या टेबलावर येईल, आणि त्यानं कारण द्यायचं.

“काका, तुम्ही सासूसारखं वळण लावलंत त्याला,” मुलगी म्हणाली होती. “साधं ताट वाढायचं तरी आता का म्हणून विचारतो.”

“विचारलेलं बरं,” तपासनीस म्हणाले होते.

आज पडद्यावर वरची ओळ होती: ‘स्वतःचे निर्णय स्वतः घेतात. प्रत्येक गोष्ट विचारून करावी.’ ही माहिती मुलानं फोनवरून दिलेली. आणि तळातून आलेली नोंद होती: ‘काही विचारलं तर उत्तर देत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.’ खाली कारभाऱ्यानं लिहिलं होतं: ‘या दोन गोष्टी एकत्र टिकत नाहीत. कोणती ठेवू?’

उत्तर सोपं होतं. शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्यांनी माणूस गुंगीत होता. आणि गुंगी नसती तरी भिंतीकडे तोंड करणं म्हणजे काय, हे तपासनिसांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मनासारखं झालं नाही की दादा असाच वळून बसायचा. बायको त्याला दादा म्हणायची म्हणून तेही म्हणायचे. तोंडावर कायम ‘अहो दादा’. मनात मात्र बायको गेली त्या दिवसापासून ‘तो’.

त्यांनी वरची ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं: ‘यांना काही कळत नाही. विचारू नये.’

एकदा वाचून पाहिलं आणि मंजूर केलं.

दादा बस आगाराचा व्यवस्थापक होता. दांडगा आवाज, ओठांवर जाड, पीळ दिलेली मिशी, आणि बोलणं म्हणजे हुकूम. तपासनिसांना तो ‘वाळवी’ म्हणायचा. “काय वाळवी, आज कुठलं पुस्तक कुरतडलं?” पंगतीला सगळ्यांदेखत विचारायचा, आणि तपासनीस हसायचे, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचायचं नाही. बायकोला पक्षाघात झाला, वाचा गेली, तेव्हा तोच तिला आपल्या घरी घेऊन गेला. घर मोठं, इस्पितळ जवळ, माणसं हाताशी. सगळं खरं होतं. तिला विचारलं नाही, एवढंच. तपासनिसांनी धीर करून म्हटलं होतं, “दादा, एकदा तिला विचारूया. तिला कळतं.” त्यावर तो म्हणाला होता, “गाडी कुठे वळवायची ते गाडीला विचारतात का हो?”

तिचे केस कमरेखाली होते. धुवायला अवघड पडतात म्हणून एके दिवशी कापून टाकले. तपासनीस छापखान्यातून तिकडे गेले तर ती उशीवर डोकं टेकून त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या खिशात तिचा कंगवा होता. रोज संध्याकाळी ते तिची वेणी घालायचे, तीही धड यायची नाही त्यांना. त्या दिवशी त्यांनी कंगवा बाहेर काढलाच नाही.

खोडलेली ओळ झिरपत झिरपत खाली गेली. कारभाऱ्यानं काही चुकवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यातल्या खोलीत चहा बिनसाखरेचा जाऊ लागला, कारण विचारायचं नव्हतं आणि बिनसाखरेचा बरा असतो. खिडकी बंद झाली, कारण वारा लागतो. टीव्हीवर मासे पोहताना दिसायचे, कारण बातम्यांनी माणूस अस्वस्थ होतो. एकेका चिठ्ठीला वरचं कारण नीट जोडलेलं. तपासनीस चिठ्ठ्या वाचायचे, जुन्या सवयीनं पहिली ओळ आणि शेवटची ओळ ताडून बघायचे. कुठे फट नव्हती. इतकं निर्दोष मुद्रित त्यांच्या हातून क्वचितच गेलं असेल.

मग एका सकाळी चिठ्ठी आली: ‘मिशी काढावी. जेवण अडकतं, स्वच्छतेला अवघड. विचारण्याची गरज नाही.’

ही त्यांनी सुचवलेली नव्हती. तिच्यावर बोटसुद्धा ठेवलं नव्हतं त्यांनी. ती आपली आपण, सरळ वरून खाली चालत आली होती. तपासनीस खुर्चीवरून उठले. इतके दिवस येता-जाता ते त्या खोलीकडे न बघता निघून जायचे. आज जिना उतरून गेले आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराशी उभे राहिले.

न्हाव्यानं गळ्याभोवती कापड बांधलं होतं. मुख्य सिस्टर दादाचं डोकं मागून धरून उभी होती.

“मिशीला हात लावायचा नाही,” दादा म्हणत होता. आवाज निम्मा उरला होता, पण हुकूम तोच. “कुणाला विचारून चाललंय हे? साहेबांना बोलवा तुमच्या.”

“साहेबांनीच सांगितलंय आजोबा,” सिस्टर मायेनं म्हणाली. “सूप सगळं मिशीत जातं तुमचं. पोटात काय जाणार? आता बघा कसे छान तरुण दिसाल.”

“मला विचारलं का कुणी?”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असता होय?” न्हावी म्हणाला, आणि ओठावर साबण फासला.

मान वळवता येत नव्हती म्हणून दादानं डोळे फिरवले, आणि त्याला दारात तपासनीस दिसले.

“वाळवी,” तो म्हणाला. “सिस्टर, ती बघा वाळवी. दारात.”

“कुठेय? परवाच तर औषध मारलं सगळ्या चौकटींना.”

“अहो ती वाळवी नाही. तो माणूस. माझा मेहुणा आहे तो. विचारा त्याला मी कोण आहे.”

“बरं बरं. वाळवी तुमचा मेहुणा.” सिस्टरनं न्हाव्याकडे पाहून डोळे मिचकावले. “सासरचे म्हटले की लागायचेच घर पोखरायला. हलू नका आजोबा, लागेल.”

न्हावी हसला. सिस्टरनं मागे वळून तपासनिसांना पाहिलं, ओळखीचं हसली आणि म्हणाली, “काका, वर कारभाऱ्याला सांगा हो, आज जरा जास्तच भ्रमलेत.”

“सांगतो,” तपासनीस म्हणाले.

वस्तऱ्याचा आवाज सुरू झाला तेव्हा ते जिन्यापाशी पोचले होते. जिना चढताना त्यांना लक्षात आलं, की आपण शीळ घालतोय. शीळ त्यांना नीट घालता येत नसे.

त्या संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, “बाबा, मामेभावाचा फोन होता. मामा तुमच्याच निवासात आलाय म्हणे. बोलला नाहीत ते.”

“माझं काम वरच्या मजल्यावर असतं.”

“एकदा जाऊन या की. म्हातारा झालाय आता.”

“मीही झालोय.”

“आईचा भाऊ आहे, बाबा.”

“आठवण आहे मला,” ते म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

मिशी गेल्यानंतर काही दिवसांनी पहिली चिठ्ठी परत आली. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंच्या मदतनिसानं पाठवलेली: ‘पाय उचलण्याची आवर्तनं रहिवासी स्वतः मोजतात. बाई एक विसरल्या तर चूक दाखवतात. हे “कळत नाही”शी जुळत नाही.’ तपासनिसांनी कारण दिलं: ‘आकडे पाठ असतात.’ चिठ्ठी निमूट खाली गेली.

दुसरी स्वयंपाकघराकडून. ‘रहिवाशानं आयाला चहाची ट्रॉली उलट्या बाजूनं फिरवायला सांगितली. तसं केल्यावर शेवटच्या खोलीपर्यंत चहा गरम पोचला. हे वरच्या ओळीशी जुळत नाही. परत पाठवत आहे.’

तपासनिसांना मनातून हसू आलं. पडल्या पडल्या आगार चालवतोय. त्यांनी लिहिलं: ‘जुन्या धंद्याची सवय. सवयीनं होतं, समजून नव्हे.’

लिहिलं आणि बोटं तिथेच थबकली. हे वाक्य त्यांचं नव्हतं.

बायकोची वाचा गेल्यावर ते रोज तिला वाचून दाखवायचे. पूर्वी घरी मुद्रितं आणली की ती मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि ते खुणा करायचे. आता उलटं झालं होतं. एकदा चुकून त्यांची ओळ गळली, तर तिनं त्यांचं बोट दाबलं. मग ते मुद्दाम गाळू लागले. ओळ गाळली, की बोटावर दाब. दर खेपेला. त्यांनी आनंदानं दादाला बोलावून दाखवलं होतं. दादानं घड्याळाकडे बघत बघत पाहिलं आणि म्हणाला, “सवय आहे ती. सवयीनं होतं, समजून नव्हे.”

शब्दाला शब्द तोच. तपासनिसांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी चिठ्ठी तशीच पाठवली. दया आली नव्हती. चोरून दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं मात्र वाटलं, आणि तो अंगाला बरोबर बसत होता.

तिसरी चिठ्ठी दुपारी आली. ती आयाच्या नोंदीवरून निघाली होती. ‘चहा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला रहिवासी एकच प्रश्न विचारतात: “तिला कळलं का?” कुणाला, ते सांगत नाहीत. भ्रम वाढला असं समजावं का?’

म्हणजे तो अजून तिथेच उभा होता. सूड उगवला म्हणतात तो असा, पिकून हातात आलेला. तपासनिसांना वाटलं, आता आपल्याला फार बरं वाटेल. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं की यात एक खोट राहिली आहे. दादाला वाटत होतं, आपण मूर्खांच्या तावडीत सापडलोय. मिशी कशी गेली, साखर कशी गेली, कशाबद्दल गेली, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचे हाल होत होते, पण ते हाल बिनकारणाचे होते. ज्याला काही कळत नाही त्याला शिक्षा करता येत नाही. त्याला नुसतं गैरसोयीत ठेवता येतं.

त्यांनी घरी गेल्यावर कपाट उघडून जुनं पत्र काढलं आणि उत्तर लिहायला बसले. पहिल्या खेपेला पानंच्या पानं झाली. त्यात केस होते, कंगवा होता, वाळवी होती. वाचून पाहिलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली, सगळीकडे रडगाणं. मुद्रितावर मारावी तशी त्यांनी काट मारायला सुरुवात केली. शेवटी उरलं ते असं:

‘तुम्ही विचारलं होतं, तिला कळलं का. हो, कळलं. तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, “आता सुटली तर बरं, तिलाही आणि आपल्यालाही.” त्या वेळी मी तिला वाचून दाखवत होतो. मी ओळ गाळली नव्हती. तरी तिनं माझं बोट दाबलं.’

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तपासनिसांनी पाकीट बंद केलं, आणि वर निवासाचा पत्ता लिहिताना थांबले. निवासात आलेलं टपाल कुणाच्या हातून कुठे जातं, हे त्यांना ठाऊक होतं.

सकाळी त्यांनी कारभाऱ्याला विचारलं: ‘कोपऱ्यातल्या खोलीत पत्र आलं तर?’

‘त्या रहिवाशांना कळत नाही. पत्र त्यांच्या हातात न देता मुलाकडे पाठवलं जाईल.’

‘एक पत्र द्यायचं आहे. तेवढ्यापुरता अपवाद कर.’

‘करता येईल. कारण द्यावं. कारणाशिवाय सूचना खाली पाठवायची नाही, असं तुम्ही सांगितलं आहे.’

‘त्यांना पत्र समजेल.’

‘ज्यांना पत्र समजतं त्यांना चहात साखर हवी की नको हे समजत नाही, मिशी ठेवायची की नाही हे समजत नाही. याचं कारण मिळालं तर दोन्ही सूचना एकत्र ठेवता येतील.’

तपासनिसांनी वाकडी वाट शोधून पाहिली. लिहिलं: ‘पत्र हातात द्यावं. समजलं नाही तरी चालेल.’

‘मग पत्र देण्याचा हेतू काय धरायचा?’

शेजारच्या टेबलावर इंजिनियर मुलगी कानात गाणी घालून कामात होती. तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हेतू हाच, की त्याला समजावं. शेवटच्या अक्षरापर्यंत, पूर्ण शुद्धीत. सुई जिथे टोचायची तिथे कातडी जिवंत हवी. त्याला दुखवायचं तर आधी त्याला कळतं असं लिहून द्यायला हवं होतं, आणि एकदा ते लिहून दिलं की साखर, खिडकी, मिशी, सगळं परत करावं लागणार होतं. आपणच घातलेल्या कुंपणात आपलाच पाय अडकला होता. कारभारी वाट बघत होता. वाट बघायला त्याला कष्ट पडत नव्हते.

त्यांनी वरची ओळ खोडली आणि लिहिलं: ‘यांना सगळं कळतं. प्रत्येक गोष्ट विचारून करावी.’

‘ओळ बदलली,’ कारभाऱ्यानं लिहिलं. ‘आधीच्या ओळीवर काढलेल्या सगळ्या सूचना मागे घ्याव्या लागतील. प्रत्येक मदतनिसाला बदलाचं कारण सांगायचं आहे. काय सांगू?’

‘प्रकृती सुधारली,’ त्यांनी लिहिलं, आणि पाठवण्याआधीच खोडलं. कारभारी त्याच्याशीही ताडून बघेल: आवर्तनं, ट्रॉली, रोजचा प्रश्न. प्रकृती कधी बिघडलीच नव्हती. मग त्यांनी लिहिलं: ‘आधीची ओळ मी जाणूनबुजून चुकीची लिहिली होती.’ आणि पाठवून दिलं.

थोड्याच वेळात मुलीनं कानातली गाणी काढली. तिच्या पडद्यावरही ती ओळ उतरली असणार.

“काका, हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“चुकून नाही ना?”

“जाणूनबुजून म्हटलंय त्यात.”

ती खुर्ची ओढून जवळ आली. “संचालिका मॅडमना दाखवावं लागेल मला. मी लपवू शकत नाही.”

“लपवू नकोस. कारभारी लपवू देणारही नाही.”

“पण का, काका?” तिचा आवाज खाली आला. “जाणूनबुजून हे काही कारण नाही. तुम्हीच शिकवलंत ना, कारण म्हणजे असं हवं की पुढच्याला त्यावरून पुढचं काढता यावं.”

तपासनिसांनी खण उघडला. लाल पेन्सिल, भिंग, रुमाल. एकेक करून पिशवीत टाकताना पेन्सिल खाली पडली.

“माझ्या बायकोचे केस फार लांब होते,” ते म्हणाले.

मुलगी पुढचं ऐकायला थांबली. त्यांनी खण बंद केला. मग तिनं वाकून खाली पडलेली पेन्सिल उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

“मॅडम बोलावतील तुम्हाला,” ती म्हणाली.

“येईन. आज मला टपालपेटीपर्यंत जायचंय.”

“खालीच द्यायचं असेल तर मी देते की नेऊन.”

“नको. त्यांचं पत्रही टपालानंच आलं होतं.”

जिना उतरून बाहेरच्या दाराकडे जायचं तर कोपऱ्यातल्या खोलीवरूनच जावं लागे. दार अर्धं उघडं होतं. आत सिस्टर फोनवरची चिठ्ठी वाचत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

“आजोबा, चहात साखर घालू की नको?”

कपात चमचा वाजला.

“आजोबा, तुम्हाला विचारतेय. साखर?”

“आज कसं काय विचारताय?” दादा म्हणाला. आवाज भिंतीकडून येत होता.

“विचारा म्हणून आलंय वरून. आणि खिडकी? उघडू का?”

मग पलंग करकरला. माणूस भिंतीकडून वळला असावा.

“उघडा,” तो म्हणाला. “साखर घाला. भरपूर घाला.”

“आणि हे बघा, असंही आलंय की तुमचं टपाल आलं तर तुमच्याच हातात द्यायचं. कुणाचं येणार आहे का?”

तपासनीस उत्तर ऐकायला थांबले नाहीत. दाराकडे मानही वळवली नाही. व्हरांडा ओलांडून, फाटकातून बाहेर पडून ते रस्त्याच्या कोपऱ्यावर आले. टपालपेटीचा रंग उडाला होता आणि फटीवर पत्र्याचं झाकण होतं, वर ढकलून धरावं लागणारं. त्यांनी पाकिटावरचं नाव एकदा वाचलं, पत्ता वाचला, मग पुन्हा नाव. चूक नव्हती. पाकीट आत सरकवलं.

पडल्याचा आवाज आला नाही. ते कुठे अडकलंय का, हे पाहायला त्यांनी फटीत बोट घातलं आणि आत इकडेतिकडे चाचपलं. हाताला काही लागलं नाही. दुसरा हात सुटला, तसं झाकण खाली आलं आणि बोटावर दाबून बसलं.

त्यांनी बोट लगेच काढून घेतलं नाही.